कड्यांचा डबा

साखऱ्यात रामजीच्या टपरीसमोर गाड्यांची रांग लागते ती त्याच्या गोड बोलण्यामुळे नव्हे. माणूस फटकळ आहे. पण मोटरसायकलची चेन झिजून लांबली, दात्यांवरून सटकायला लागली, की तो 'चेनसकट दात्यांची दोन्ही चाकं बदला' म्हणत नाही. एक कडी काढून चेन आखूड करतो, की गाडी चालू. काढलेली कडी बिस्किटांच्या डब्यात टाकतो आणि तो डबा आल्यागेल्याला वाजवून दाखवतो. एकोणचाळीस कड्या! मी निवृत्त कारकून, रोज सकाळी तिथंच बसणारा. डबा वाजवून मिरवण्याचा मला भारी राग यायचा.

परवा सकाळी त्यानं ज्योतीची चेन अशीच आखूड केली. तिला सासूला, कमलबाईंना, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हिंगोलीला न्यायचं होतं. दोघी निघून गेल्या. रामजी कडी पुसत होता, आणि त्याचा हात थांबला.

"पंत, चष्मा द्या तुमचा."

कडीच्या पट्टीला केसाएवढी चीर होती. मग उरलेल्या चेनचं काय? धावत्या गाडीत ती तुटून मागच्या चाकात अडकली, तर चाक जागीच आवळतं. त्याच चाकावर म्हातारी बसलेली.

त्यानं चार वेळा फोन लावला. ज्योती उचलेना.

"गाडी चालवून राहिली ती, कशी उचलंल?" तो ओरडला. "तुमची गाडी काढा!"

त्यानं हँडल धरलं, मी मागं बसलो. एवढा मी जन्मात घाबरलो नव्हतो. प्रत्येक वळणापलीकडं मला दोघी पडलेल्याच दिसत होत्या. रामजी गाडीचा वेग कमी करत नव्हता.

नरसीच्या अलीकडं, चढावर, त्या दिसल्या. हॉर्न ऐकून ज्योती थांबली. रामजी रस्त्यावरच उकिडवा बसला आणि चाक हातानं हळूहळू फिरवू लागला. आणखी तीन कड्या चिरल्या होत्या.

"चुकलो, पोरी. समदं नवं टाकल्याबिगर ही गाडी देणार न्हाई. तुमी पंतांची घेऊन जा."

"लवकर करा रं बाबा, डाक्टर वाट पाहून राहिला," कमलबाई म्हणाल्या.

ज्योती माझ्या गाडीवर बसली. किक मारणार, तेवढ्यात रामजीनं हँडल धरलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पंत, तुमची कडी म्या कवा काढली?"

"दिवाळीत," मी म्हणालो. आत्ता याच गाडीवरून आम्ही सुसाट आलो होतो.

त्यानं ज्योतीला खाली उतरवलं. हिंगोलीकडं जाणारी काळीपिवळी जीप हात करून थांबवली आणि दोघींना तिच्यात बसवून दिलं. मग दोन्ही गाड्यांच्या मधे मातीत बसकण मारली आणि फोन काढला. डब्यातली कोणती कडी कुणाच्या गाडीची, हे त्याला तोंडपाठ होतं.

"किसनसिंग, कुठं हायेस? गाडी थांबव. काहून म्हणून इचारू नको. आधी थांबव."