राजारामभाऊंचा रविवारचा फळा

राजाराम घाडी हे आमच्या लालबागच्या चाळीचे फळा लिहिणारे. चाळकमिटीत असं पद नाही, पण त्यांचा रुबाब अध्यक्षांपेक्षा जास्त. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले, छापखाना बंद पडला आणि फाटकाजवळचा काळा फळा त्यांच्या ताब्यात आला. पाणी कधी येणार, कोण वारलं, पूजेची सभा किती वाजता, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. तेराव्याची सूचनासुद्धा अशी देखणी, की अनोळखी माणसालाही जावंसं वाटावं.

रविवारी मात्र विनोद. आणि विनोद एकच, गेली वीस वर्षं: बायको नवऱ्याला मारते. कधी लाटण्याने, कधी झाडूने, सणासुदीला उलथन्याने. 'डॉक्टर, बायको रोज लाटण्याने मारते.' 'मग कुठे दुखतंय?' 'दुखत नाही हो, लाटणं वाकडं झालंय, चपात्या गोल होत नाहीत.' हा तर इतका गाजला की लोकांनी तीन रविवार पुसू दिला नाही. भाऊंची स्वतःची बायको बिचारी गरीब गाय होती, नवऱ्यापुढे आवाज न चढवता गेली. पण कलाकाराला अनुभव लागतोच असं नाही.

याच फळ्याने मोठं कामही केलंय, ते नाकारणार नाही. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या मनवाला तिच्या नवऱ्याने पट्ट्याने मारलं. भाऊंनी लिहिलं, 'मनवाला मारहाण झाली आहे. सात वाजता सभा. सर्वांनी यावे.' सातला सगळी चाळ चौकात. आम्ही पंधरा जण वर गेलो, त्याला चौकीवर नेला, लिहून घेतलं. परत त्याने हात उचलला नाही. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

त्यानंतरच्याच रविवारी फळ्यावर बायकोने नवऱ्याचे दात पाडले होते. आमच्या मजल्यावरची किर्ती कॉलेजात शिकते, तिने भाऊंना विचारलं, की काका, यात नवऱ्याच्या जागी बायको लिहून बघता का? भाऊ भडकले. बाईला मारण्याची चेष्टा करायची? आपल्या चाळीला काही संस्कार आहेत की नाहीत? किर्ती म्हणाली, तेच विचारत होते. मग भाऊंनी तिच्या आईकडे तक्रार केली, की मुलगी हल्ली उलट बोलते.

भाऊंचा मुलगा अनिश लग्नानंतर वरळीला राहायला गेला. नोकरी चांगली, बायको नूपुर हुशार, दोघांची जागा समुद्राकडे तोंड करून. सणाला यायचा तो लांब बाह्यांचा शर्ट घालून. एवढ्या उकाड्यात? भाऊ कौतुकाने सांगायचे, साहेब झालाय.

या मे महिन्यात एका शनिवारी दुपारी तो एकटाच आला. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. नूपुरने तापलेला तवा हातावर दाबला होता. हे पहिल्यांदाच नव्हतं, दोन वर्षं चाललं होतं. भाऊंच्या आणि आमच्या खोलीमधली भिंत पातळ, मी सगळं ऐकलं, लाज वाटली तरी ऐकलं. आधी का नाही सांगितलंस, असं भाऊंनी तीनदा विचारलं.

"तुम्हाला?" अनिश म्हणाला. "रविवारी फळ्यावर आलं असतं, बाबा."

भाऊ म्हणाले, मनवासाठी चाळ उठली तशी तुझ्यासाठी उठेल. पंधरा जण घेऊन वरळीला जाऊ, नूपुरच्या आईवडिलांना समोर बसवू. अनिश नको म्हणत होता. तू बघच, भाऊ म्हणाले, माझ्या शब्दावर येतात लोक.

आणि त्यांनी ते केलं, जे फक्त राजारामभाऊच करू शकतात. सकाळी उठून, आंघोळ करून, नेहमीच्याच अक्षरात त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आमच्या अनिशला बायकोने तव्याने मारहाण केली आहे. सात वाजता सभा. सर्वांनी यावे.' रविवार होता, हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

दूध आणायला गेलेल्यांनी फोटो काढले. नऊपर्यंत एक फोटो माटुंग्यातल्या माझ्या बहिणीकडे पोचला, तिने मला डोळ्यांत पाणी आणून हसणारी चार तोंडं पाठवली. लोक जिन्यात भाऊंना सांगत होते, आज स्वतःच्या मुलालाच घेतलंत, मानलं बुवा. भाऊ म्हणत होते, अहो खरं आहे. त्यावर लोक आणखी हसत होते. मला खरं माहीत होतं. मी एकालाही थांबवलं नाही, कारण भिंतीला कान लावल्याचं कबूल करावं लागलं असतं.

सातला चौक भरला. मनवासाठी आले होते त्याच्या दुप्पट लोक, शेजारच्या चाळींतलेसुद्धा, खुर्च्या घेऊन. भाऊ उभे राहिले आणि सगळं सांगितलं, तवा, दोन वर्षं, लांब बाह्या. पुढचं त्यांच्याच्याने सांगवेना. ते थांबले. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पहिल्या रांगेतल्या तुळसाकाकूने अखेर विचारलं, "फुडे काय झाला?"

चौकात एकच हशा पिकला. मनवासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. आणि सांगते, माहीत असूनही मला हसू आलं. वीस वर्षांची सवय, आवरलं नाही. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

तेवढ्यात अनिश जिना उतरून आला. डाव्या हातात बॅग होती. बँडेज बघून पुढच्या दोन रांगा गप्प झाल्या, मागच्यांना दिसत नव्हतं, ते हसतच होते. भाऊंनी त्याचा शर्ट धरला, कुठे चाललास म्हणाले.

"घरी, वरळीला."

"अरे, ती परत मारेल."

"मारेल," अनिश म्हणाला. "पण ती हसत नाही, बाबा."

भाऊंची मूठ सुटली आणि तो फाटकातून बाहेर गेला. पंधरा जण तर सोडाच, त्याच्या मागे एकही जण गेला नाही. आम्ही खुर्च्या उचलल्या.