दोन्ही बाजूंची दलाली

घर एकदाच विकलं जातं, पण त्याचा किस्सा आम्ही रोज विकतो. त्यावर दलाली मिळत नाही, एवढंच! गोंदियात रजिस्ट्री ऑफिससमोरच्या चहाटपरीवर आमची तिघांची बैठक. मी मेश्राम, आमचे शर्माजी आणि सगळ्यांत जुने बिसेनभाऊ. तिघंही घरांचे दलाल. आता म्हणायचं ‘रियल इस्टेट एजंट’. बिसेनभाऊ म्हणतात, "नाव मोठं झालं गा, कप तेवढाच हाय!"

या बिसेनभाऊंनी अर्ध्या गोंदियाला घरं मिळवून दिली आणि स्वतः राहिले भाड्याच्या दोन खोल्यांत. वहिनींचं एकच मागणं, "भिंतीत खिळा ठोकाले कोणाले विचारा लागू नये, असं एक घर पाह्यजे मले." दर सौद्यानंतर भाऊ सांगायचे, "पुढच्या दलालीत घेऊ." आता ती पुढची दलाली कशी यायची, ते ऐका.

*

तेव्हाचा नियम तोंडी होता. दोन टक्के घेणाऱ्याकडून, दोन टक्के विकणाऱ्याकडून. दवनीवाड्याच्या एका पाटलांनी पोरांच्या शिक्षणासाठी गोंदियात घर घेतलं. दलालीचा विषय निघाला तर म्हणाले, "भाऊ, तुमच्या हातावर पैसे टेकवून तुमचा अपमान कायले करू?"

दुसऱ्या दिवशी बिसेनभाऊंच्या दारात ट्रॅक्टर! नव्या चिन्नोर तांदळाची पोती. सगळी गल्ली दरवळली. वहिनी खुश, भाऊ खुश, आमच्याही घरी वाटणी आली म्हणून आम्ही खुश.

घरमालक ओट्यावर उभा राहून बघत होता. शेवटचं पोतं आत गेल्यावर म्हणाला, "धंदा जोरात चालू हाय वाटते!"

आणि पहिल्या तारखेपासून भाडं वाढवलं.

*

दलाली बुडवणं ही तर जुनीच कला. एकदा शर्माजींच्या दोन गिऱ्हाइकांनी, म्हणजे घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं, वेगवेगळं येऊन एकच गोष्ट सांगितली, "सौदा टूट गया, शर्माजी." शर्माजींना खरंच वाईट वाटलं. दोघांनाही चहा पाजला!

आठवडाभरानं तेच दोघं गुपचूप रजिस्ट्रीला आले. ऐन वेळी एक साक्षीदार कमी पडला. विकणारा धावत टपरीवर आला, पाठमोऱ्या बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भैया, एक साइन कर दोगे?"

भैया वळले. शर्माजी!

बिचाऱ्याला पळताही येईना. शर्माजी शांतपणे उठले, आत गेले. साहेबांनी विचारलं, "इन दोनों को पहचानते हो?"

शर्माजी म्हणाले, "हां साहब. आज ही ठीक से पहचाना."

बाहेर आल्यावर दोघांनी निमूट दलाली दिली. चहाचेही पैसे दिले.

*

मग रेरा आला, घरांच्या खरेदी-विक्रीचा नवा कायदा. नोंदणी करा, परीक्षा द्या, करारात एजंटचं नाव आणि कमिशन लिहा. शर्माजी आणि मी कसेबसे पास झालो. बिसेनभाऊंचं टेन्शन मात्र सगळ्या टपरीला. या वयात कॉम्प्युटरवर परीक्षा! नापास झाले तर बिल्डरांच्या नव्या स्कीममधलं काम बंद, आणि काम बंद म्हणजे वहिनींचं घरही राहिलंच. वहिनींनी दही-साखर देऊन नागपूरला पाठवलं.

परत आले ते घुश्शातच. मी विचारलं, "कसा गेला पेपर?"

"एका प्रश्नावर अडलो न बावा. गिऱ्हाईक कमिशन देत नसन तं काय करसान? खाली चार उत्तरं."

"मग?"

"चारही करून पाह्यले आपण आजपर्यंत. एकानं तरी पैसे निघाले का?"

पास झाले! प्रमाणपत्राची फ्रेम करून आणली. पण भिंतीला लावायला घरमालक परवानगी देईना. फ्रिजवर टेकवून ठेवली.

*

नियम आल्यावरचं पहिलं गिऱ्हाईक नागझिऱ्याच्या जंगलातला एक गाईड. फ्लॅटचा करार वाचता वाचता थांबला. "माह्या घराच्या कागदात बिसेनभाऊचं नाव काऊन?"

मी समजावलं, एजंट म्हणून आहे.

"हिस्सेदार तं नाही ना?"

"नाही रे बाबा!"

तेव्हा कुठे सही केली. पुढच्याच मिनिटाला भाऊंचा मोबाईल वाजला. पूर्ण दोन टक्के जमा, घासाघीस नाही! मीच त्याला म्हटलं, "अरे, थोडं कमी करा असं म्हणायची रीत असते."

तो म्हणाला, "आमी वाघ नाही दिसला तरी फी घेतो. तुमी तं घर दाखवलं!"

सोय झाली, खोटं कशाला बोलू? पण मला जुनी दलाली आठवते. खांद्यावर दुपट्टा, हातात नारळ, त्यावर सुपारी, आणि देणाऱ्या घरची म्हातारी म्हणायची, "जेवल्याबिगर जाऊ नका." मोबाईल टिंग करतो, जेवा म्हणत नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

*

यंदा बिसेनभाऊंनी घर घेतलं. लहानसंच, नव्या स्कीममधलं. दाखवलं मी. दलाली कोण घेणार भाऊंकडून? मी हात जोडले. शर्माजींनी शपथ घातली. भाऊ ऐकेनात. "फुकटात मिळालेलं घर पचत नाही. लिव्ह तुहं नाव!" करारात माझं नाव एजंट म्हणून लिहायला लावलं, दोन टक्के पाठवले, आणि वर दुपट्टा-नारळही दिला. मला रडूच आलं.

चावी मिळाली तशी वहिनींना घेऊन आलो. त्यांनी घर अजून पाहिलंच नव्हतं. "रजिस्ट्री झाल्याबिगर नाही पाहत," म्हणाल्या होत्या. कितीदा आशा लावून घ्यायची माणसानं?

दार उघडलं आणि भाऊंची जीभ सवयीनं सुरू झाली. "हा हॉल पाहा. पूर्वेचा उजेड. किचनमधी हवा खेळती. पाणी चोवीस तास. शेजार चांगला." बायकोला चक्क गिऱ्हाइकासारखं घर दाखवत होते! मी तोंडाला दुपट्टा लावून हसत होतो.

वहिनींनी सगळ्या भिंतींना हात लावून पाहिला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घर पसंत हाय. दलाली किती घेसान?"

भाऊही रंगात आलेले. "दोन टक्के. दोन्हीकडून."

"माह्या बाजूची मी लगन झाल्यापासून देऊन राहिली," वहिनी म्हणाल्या. "तुमची काढा."

बिसेनभाऊ खिडकी उघडायला गेले. खिडकी उघडीच होती.