आभाळ गर्जलं आन बुढ्यानं पिन काढली

त्या दिवशी घरात तिघंच होतो. मी, माहा नवरा म्हंजे आमचा बुढा, आन आमची सून. नात शाळेत गेली होती.

आमचा पोरगा अंगावर इज पडून गेला. धान रोवन्याचे दिवस होते, वावरातल्या बांदीतच पडला. मी दुसऱ्या वर्षी त्याच बांदीत रोवना केला, पोट कोनाले थांबते? आता कंबर वाकत नाई. घर सुनेवर आहे. सून घरी बसूनच नागपूरच्या एका कंपनीचं काम करते, लॅपटॉपवर.

इज पोराले घेऊन गेली तवापासून बुढ्याची एक सवय आहे. आभाळ गर्जलं का घरातल्या साऱ्या पिना काढते. टीव्हीची, फ्रिजची, पंख्याची. त्या दिवशीबी दुपारी गर्जलं. सून वाळलेले कपडे काढाले आंगनात गेली, आन यानं लॅपटॉपची पिन काढली. त्याची बॅटरी कधीचीच बसली आहे. पिन निघाली का खटकन बंद.

सून आली, पाह्यलं, खालीच बसली.

मंग गरजनं थांबलं, आभाळ उघडलं, तसं तिनं पिन लावली. लॅपटॉप चालू झाला. मी म्हनलं, "झालं ना मंग?"

"नाई मामी," सून म्हने. "याच्या पोटात अजून एक कॉम्पुटर आहे. खरा नाई, बनवलेला. कंपनीचं काम त्यातच चालते. तो उठून नाई राह्यला."

मले दाखवलं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आन तिथीच अटकलं. म्हने, आत अपडेट चालू होतं. चालू व्हायची फाइल लिहिता लिहिता अर्धीच रायली.

कंपनीवाल्यायनं तिले मांगच सांगतलं होतं का गावात राहून जमत नसन तर नागपूरले येऊन बस. सकाळी कामावर नाई दिसली तर तेच होईन. नातबी जाईन तिच्यासंगं. मंग या घरात आमी दोघं, आन भिंती.

बुढा दारात उभा. "मले का मालूम बाई, त्यात आत काई चालू होतं म्हून."

"राहू द्या मामाजी," सून म्हने. "पन आता एक काम करा. दुरुस्तीची एक सीडी उतरवा लागते. खरी सीडी नसते, फाइलच असते. वाऱ्यानं वायफाय गेलं. मोबाइलले रेंज बोडीच्या पाळीवरच भेटते. मी तवर इथी त्या बिघडलेल्या मशीनची कॉपी करून ठेवतो. दुरुस्तीत अजून बिघडलं तर हातात रायली पायजे."

तिनं मोबाइलात काईतरी दाबून देल्लं. बोडी म्हंजे गावाबाहेरचं तळं, तिकडे कोनी एकटं जात नाई, वाघ पान्यावर येते. मी काठी घेतली आन बुढ्यासंगं निघाली.

पाळीवर, तळ्याच्या बांधावर बसलो. बुढा मोबाइल दोन्ही हातानं वर धरून. निळी पट्टी मुंगीसारखी सरकत होती.

"अजी, खाली घ्या ना, हात दुखन."

"खाली घेतला आन रेंज गेली तर?"

"वाघ आला तर काय कराल?"

"त्याले म्हनीन, थांब भाऊ, डाउनलोड होऊ दे."

मी हासली. किती दिवसानं त्याच्या बोलन्यावर हासली असन.

पट्टी भरली. घरी आलो. सुनेनं वायर लावून फाइल लॅपटॉपात घेतली आन ते सीडी त्या पोटातल्या कॉम्पुटरले लावून देल्ली. मले सांगत होती, "आता तो आपल्या डोक्यानं नाई, सीडीच्या डोक्यानं उठला. आता याची डिस्क तपासतो." अक्षरं पळाले लागली. तिनं अर्धी फाइल पुरी केली, चालू व्हायची जागा परत लिहिली, सीडी काढली. मंग बंद करून पुन्हा चालू केला.

काळा पडदा. बुढ्यानं माहा हात धरला. सुनेपुढे कधी धरत नाई.

मंग निळं झालं, आन तिचं काम होतं तसं समोर आलं. सुनेनं डोळे पुसले आन म्हने, "मामी, चहा मांडा."

नात शाळेतून आली तं तिघंबी चहा पेत होतो. तिनं इचारलं, "आज काऊन सगळे हासून राह्यले?" बुढा म्हने, "तुही आजी वाघाले भ्याली."

सवय त्याची सुटली नाई. मी सोडू देनारबी नाई. पन आता आभाळ गर्जलं का तो आधी वरडते, "सूनबाई, काढू का?" सून आतला कॉम्पुटर बंद करते, मंग बाहेरचा, आन म्हनते, "हाव, काढा."

जो कोनी हे वाचत असन त्याले माहं एवढंच मांगनं आहे. आभाळ गर्जलं तर पिना काढाच. पन जो कामावर बसला आहे, त्याले आधी आवाज द्या.