पाय वर घ्या, साहेब

ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये पडद्यावर देशादेशांचे रंगीत खांब उभे होते. कुठल्या देशातली माणसं वरिष्ठांपुढे किती दबून वागतात, याची ती तुलना होती. आपला खांब चांगलाच उंच होता. "भारतीय माणूस साहेबाला उलट बोलत नाही," ट्रेनर म्हणाले, आणि आम्ही निमूट माना डोलावल्या.

तेवढ्यात कुणाचा तरी चहा सांडला. सफाईच्या मावशी फडकं घेऊन आल्या आणि थेट आमच्या डायरेक्टरांना म्हणाल्या, "साहेब, पाय वर घ्या." त्यांनी दोन्ही पाय उचलले. "आणि वाळेपर्यंत खाली ठेवायचे नाहीत, हां!"

ते पाय तसेच अधांतरी राहिले.

मला आधी हसू आलं, मग त्या खांबांचा राग आला. याच मावशी साहेबांसमोर कधी खुर्चीवर बसत नाहीत, हेही खरंच. एवढीशी बाई त्या खांबात मावत नाही, आणि हे ट्रेनर अख्खा देश कोंबायला निघालेत!

शेवटी फॉर्म आला. 'तुम्ही वरिष्ठांना विरोध करता का? एक ते पाच गुण द्या. नाव लिहू नये.'

मी आकडे कोरे सोडले, 'आमच्या मावशींना विचारा' असं लिहिलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली.