वैशालीला मी जे सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला — तिला तर नाहीच.

ग्लासगोत तेव्हा शाळांना स्कूल बोर्ड असायचं. पालकांनी निवडून दिलेली माणसं त्यावर बसायची. आमच्या रोहनच्या प्रायमरी स्कूलच्या बोर्डावर मी होते, आपल्याकडची एकटीच. मिरवायचे मी ते. ट्रेनिंगही घेतलं होतं. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला सामावून घेणं ही कायद्यानं शाळेची जबाबदारी आहे, ती आईबापांवर ढकलता येत नाही — हे मला पाठ होतं. म्हणजे माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

वैशाली अकोल्याची. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. मुलगी गार्गी, नुकतीच प्रायमरी वनमध्ये घातलेली. घरी अखंड बडबडणारी ही पोर वर्गात तोंडच उघडेना, म्हणून हेडटीचरनी आईला बोलावलं. वैशालीचं इंग्लिश बेताचंच होतं. कौन्सिलकडून इंटरप्रिटर मागवू का, असं हेडटीचरनी मला आधी विचारलं होतं. कशाला, मी आहे ना — मीच म्हटलं.

त्या बाई फार चांगलं बोलल्या. इंग्लिश शिकवणं हे आमचं काम, त्यासाठी वेगळी टीचर येईल. तुम्ही घरी मराठीच बोला, भरपूर बोला, ती पक्की असली की दुसरीही येते. आणि एखाद्या शुक्रवारी वर्गात येऊन मराठीत गोष्ट सांगाल का?

मला शब्द न् शब्द कळला. मग अडलं कुठे?

रोहनशी मी तो नर्सरीत जायला लागल्यापासून मराठी बोलणं बंद केलं होतं. त्याच्या भल्यासाठी, असं सगळ्यांना सांगायचे. माझ्या वडिलांचा पुण्याहून फोन आला की तो हॅलो म्हणायचा आणि रिसीव्हर माझ्या हातात द्यायचा. आता ही बाई म्हणतेय की त्याची काही गरजच नव्हती? बोलत होत्या त्या वैशालीशी, पण मला वाटत होतं — माझ्याबद्दलच बोलताहेत.

मी वैशालीकडे वळले. म्हटलं, "त्या म्हणतात, घरी मराठी बंद कर. गार्गीशी फक्त इंग्लिश बोल."

ती गोंधळली. "पण ताई, मला कुठे नीट येतं?"

"येईल हळूहळू."

गोष्टीबद्दल मी तिला विचारलंच नाही. हेडटीचरना सांगितलं, ती फार लाजते, जमणार नाही तिला. त्यांनी वैशालीकडे बघून समजुतीनं मान हलवली. वैशालीनंही हसून हलवली.

तिनं अगदी मनापासून पाळलं ते. आधी शाळेच्या गेटपासून घरापर्यंत दोघींच्या गप्पा चालायच्या, मागून येताना मला ऐकू यायच्या. मग नुसतं — कम. शूज. क्विक. एवढंच. जेवढे शब्द येत होते तेवढेच. त्यांच्या मागून चालायला नको म्हणून मी रस्ता बदलला. थांबवून खरं सांगणं किती सोपं होतं! रस्ता बदलणं त्याहून सोपं होतं.

गार्गीचं इंग्लिश सुधारलं. ते तसंही सुधारलंच असतं, टीचर येतच होती.

पुढे वैशालीच्या नवऱ्याला केंब्रिजला नोकरी मिळाली. निघण्याआधी ती मला भेटायला आली, आभार मानायला. शाळेत तुमचा आधार होता म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "ताई, ती माझ्याशी फारसं बोलत नाही आता. मी काही विचारलं की म्हणते, यू वोन्ट अंडरस्टँड. तुमच्याकडेही असंच झालं का हो?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. दार बंद होतं, घरात आम्ही दोघीच होतो.

"असंच असतं गं इथे," मी म्हटलं, आणि तिला अजून थोडा चहा ओतला.

हेडटीचरनीच तसं सांगितलं होतं, असं ती आजही धरून चालते. तिच्याशी तिच्या मुलीचं बोलणं मी बंद केलं. शाळेनं नाही, या देशानं नाही. मी.