आत्याचा मान

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझ्या नातवाला सख्खी आत्या एकच, माझी लेक. पंचविशीची आहे, ऑटिस्टिक आहे. बोलते मोजकं, आणि अंगाला कुणी हात लावलेला तिला खपत नाही. मी आई, पण मलाही त्यात सूट नाही. नातू जन्मला तो बंगळुरात.

"तिले कायले नेता? चुलत आत्या हाय ना," धाकटी जाऊ म्हणाली. तिचं बोलायला काय जातं! मी म्हटलं, "मान तिचा हाय. तिले नेईन, नाई तर मीबी येत नाई." बोलून बसले खरी, पण न्यायचं कसं? रेल्वेतले धक्के तिला सोसत नाहीत, म्हणून विमानानं जायचं. सिंदेवाहीच्या बाजारात भंगारवाल्याचा भोंगा वाजला तरी ही कान दाबून खाली बसते. विमानतळावर काय करणार?

मुलानं आधीच फोन करून मदत मागून ठेवली होती. नागपूरला काउंटरवरच्या बाईनं लेकीच्या गळ्यात घालायला सूर्यफुलं छापलेली हिरवी पट्टी दिली. ती दिसली की तिथल्या माणसांना कळतं, हिला वेळ लागेल, घाई करायची नाही. वरून तर हिचं काहीच दिसत नाही ना. आगाऊ नाही हो, अशीच आहे, असं लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. ते काम एका पट्टीनं केलं, तेव्हा मला रडूच आलं. लेकीनं मात्र पट्टीवरची फुलं नीट तपासली, कानावर हेडफोन चढवले आणि चालू लागली. मदतीची बाई आम्हाला गर्दीच्या बाजूनं पुढे घेऊन गेली.

तपासणीच्या चौकटीपाशी लेक थांबली. थांबली म्हणजे खिळलीच. मागचे लोक चुळबुळायला लागले.

"चाल ना वं माय," मी म्हटलं.

तिनं मूठ उघडली. मुठीत गावचा गोटा होता.

"गोटा राह्यला," ती म्हणाली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावाबाहेर जंगल सुरू होतं तिथं दगडांचा ढीग आहे. मोहफुलं वेचायला जा की सरपणाला, आत शिरताना एक गोटा त्या ढिगावर ठेवायचा. म्हणजे वाघाच्या राज्यातून माणूस धड परत येतो. मी कधी घाईत विसरते, ती कधीच नाही. आता एवढी चौकट ओलांडायची आणि ढीग कुठंच नाही! शेवटी तिनं वाकून गोटा चौकटीच्या पायाशी ठेवला.

कुठलीही वस्तू सोडून जाऊ नका, असं तिथं सारखं सांगत होते. खाकी वर्दीतली बाई लगेच पुढे आली. गेलं आता विमान, मी मनात म्हटलं. मोडक्यातोडक्या हिंदीत मी तिला ढिगाचं सांगितलं. तिनं आधी गोट्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे.

"यहाँ नहीं छोड़ सकते, बेटा. मेरी टेबल पे रखूँ?"

लेकीनं टेबल बराच वेळ न्याहाळलं आणि मान हलवली. गोटा टेबलावर गेला. मग त्या बाईनं हातातलं यंत्र आधी स्वतःच्या दंडावरून फिरवून दाखवलं, आणि मगच लेकीभोवती फिरवलं, अंगाला न लावता. लेक चौकटीतून पार झाली. त्या बाईचे पाय धरायचे तेवढे मी बाकी ठेवले.

बारशाला वेगळीच धास्ती. आत्या कानात नाव सांगते, तेव्हा बाकीच्या बाया 'कुर्र' म्हणत तिच्या पाठीत धपाटे घालतात. मी सगळ्यांना दम भरून ठेवला होता, हिच्या पाठीला हात लावाल तर खबरदार. लेकीनं हेडफोन काढले, पाळण्यात वाकली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायांनी हळूच 'कुर्र' म्हटलं आणि धपाटे आपापल्याच मांडीवर मारले. मला बाई जिंकल्यासारखं झालं.

पण ही पाळण्यावरून उठेचना. सून माझ्याकडे बघायला लागली.

"काऊन वं, काय झालं?" मी विचारलं.

"धपाटे राह्यले," ती म्हणाली. पाठ तशीच वाकवलेली.

एवढ्या वर्षांत त्या पाठीवरून हात फिरवायला मी किती तरसले, ते माझं मला ठाऊक. मी अगदी हलका धपाटा घातला.

"आनखी," ती म्हणाली.