पट्ट्या नलिनीताईंच्या होत्या

नलिनीताईंची आणि माझी ओळख एका रुग्णामुळे झाली. गव्हाणचे हरीदादा, उभा जन्म होडीवर गेलेला. पार्किन्सन्समुळे त्यांचे हात थरथरत. माझ्या गोळ्यांनी ती थरथर कमी झाली, पण पाय काही बधेनात. मोकळ्या जागेत ते बरे चालत, दार आलं की जागीच खिळत. "डाक्टर, मी सांगतंय चल, पन पाय आयकत नाय," म्हणत. मी गोळ्या वाढवल्या, तर अंग वेडंवाकडं हलू लागलं. दारातलं अडकणं तसंच राहिलं. शेवटी "आता एवढ्यावर भागवा" असं सांगून मी मोकळा झालो.

दीड महिन्यानं ते पुन्हा आले. माझ्या दारात थबकले. बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीनं हातातली काठी त्यांच्या पावलापुढे आडवी धरली, आणि दादा ती ओलांडून सरळ आत आले.

"हे कुणी शिकवलं?"

"खांदा कॉलनीतल्या बाईंनी. घरी आलेल्या," त्या म्हणाल्या.

पनवेलात मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून मी नुकताच नावारूपाला येत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट.

बाईंना, म्हणजे फिजिओथेरपिस्ट नलिनीताईंना, मी बोलावून घेतलं. हरीदादा उंबऱ्याशी अडकतात, पण अंगणात पडलेले बांबू सहज ओलांडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी दारापुढच्या लादीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. "पण असं का होतं, ते मला कळत नाही. सांगाल?" त्यांनी वही उघडली.

मी मुद्दाम अवघड शब्दांत सांगितलं. मेंदूच्या आत खोलवर असलेले काही भाग आपलं रोजचं चालणं आपल्या नकळत चालवतात. या आजारात तिथे डोपामिन हे रसायन कमी पडतं आणि ते आपोआप होणारं चालणं मध्येच तुटतं. समोर ओलांडायला काही दिसलं, की मेंदू दुसऱ्या भागांच्या मदतीनं पाऊल जाणीवपूर्वक टाकतो. त्यांनी सगळं लिहून घेतलं. पुढच्या भेटीत माझ्यासमोरच त्या हरीदादांना म्हणाल्या, "दादा, तुमचं चालणं आता आपोआप होणार नाय. होडीत चढताना कसं बघून पाय टाकता? तसाच एकेक टाकायचा." हरीदादांनी मान डोलावली. माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान त्या दोन-तीन वाक्यांत सांगून गेल्या होत्या.

ताईंचा दुसरा गुण म्हणजे रुग्णावरचा विश्वास. जासईच्या कंटेनर यार्डात काम करणारे एक गृहस्थ वडिलांना घेऊन माझ्याकडे आले होते, तेव्हा ताईही तिथेच होत्या. "जिना धडाधड चढतात, आणि न्हाणीघराच्या दारात पुतळा होतात. नाटकं आहेत सगळी," असं ते चारचौघांत बोलले. वडील खाली बघत राहिले. ताई म्हणाल्या, "जिन्याची प्रत्येक पायरी त्यांना दिसते, म्हणून पाय उचलतो. दारात तसं काही नसतं. ते अडकले की ओढू नका, बोलूही नका. थांबा फक्त." मुलानं तिथेच वडिलांचा हात धरला. त्या वृद्धांचे डोळे भरून आले होते. तेच निदान मीही केलं होतं, पण मुलाशी बोलायचं मला सुचलं नव्हतं.

आता जे लिहितो ते ताई सोडून कुणालाच माहीत नाही. पुण्याच्या एका वैद्यकीय परिषदेत मी हरीदादांचा व्हिडिओ दाखवला. टाळ्या पडल्या. पट्ट्यांची कल्पना कुणाची, हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, हे खरं. पण विचारलं असतं तरी सांगितलं असतं का, शंका आहे. भाषण संपवून मंचावरून उतरलो तर शेवटच्या रांगेत नलिनीताई बसलेल्या.

चहाच्या वेळी त्या जवळ आल्या. "डॉक्टर, एक चूक झाली." मी मान खाली घातली. "पट्ट्यांमधलं अंतर तुम्ही सगळ्यांना एकच सांगितलंत. ते ज्याच्या त्याच्या पावलाप्रमाणे घ्यावं लागतं, नाहीतर कुणीतरी पडेल. तेवढं जेवणाआधी सांगून टाका ना."

श्रेयाचा शब्दही नाही. मी पुन्हा मंचावर जाऊन अंतराची चूक दुरुस्त केली. त्यांचं नाव तेव्हाही घेतलं नाही. त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. माझ्याकडे रुग्ण पाठवत राहिल्या, आणि मी आतल्या आत धुमसत राहिलो. ते नाव आज इथे लिहितो आहे, फार उशिरा.

हेवा अजून गेलेला नाही. माझे रुग्ण तपासून झाल्यावर "ताई कधी भेटतील?" असं विचारतात, तेव्हा तो टोचतोच. पण गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदाच त्यांना विचारलं, "रुग्णाच्या घरी जाताना मला बरोबर न्याल?"

"या की," त्या म्हणाल्या. "पण खुर्ची मिळेलच असं नाही, जमिनीवर बसावं लागेल."

साठी ओलांडताना नलिनीताईंचे गुडघे भक्कम राहोत, नजर अशीच बारीक राहो, आणि ज्या आजाराशी त्या इतकी वर्षं झुंजल्या तो त्यांच्या वाऱ्यालाही उभा न राहो. त्यांना खूप वर्षं मिळोत. मला त्यांच्याकडून अजून बरंच शिकायचं आहे.